टोमॅटो चिप्समधला गहू

२१ नोव्हेंबर १९९६, गुरुवार. सकाळपासून मी रिटेन्शन सॅम्पलचं कपाट रिकामं करत होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बॅचची दोन पाकिटं आणि त्या बॅचला लागलेल्या मसाल्याची एक छोटी बाटली आम्ही राखून ठेवायचो. उद्या कोणी तक्रार केली तर तपासायला हातात काहीतरी हवं. मुदत संपली की फेकून द्यायचं. असलं कंटाळवाणं काम अर्धं झालं होतं, तेवढ्यात गेटवरून फोन आला. एक बाई आल्यात, क्वालिटीवाल्या मॅडमनाच भेटायचं म्हणतायत.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी मक्याचे चिप्स बनवायची. चवी तीन : साधे खारे, चटपटा आणि टोमॅटो. क्वालिटी कंट्रोल म्हणजे मी, एक असिस्टंट आणि एक मायक्रोस्कोप.

आलेल्या बाई नेरूळच्या मिसेस साळवी. त्या खुर्चीत बसल्या नाहीत. टोमॅटो चिप्सचं रिकामं पाकीट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वी मी फोन केला होता. माझ्या मुलीला गहू चालत नाही, तुमचे चिप्स देऊ का, असं विचारलं होतं. मक्याचे आहेत, खुशाल द्या, असं कोण म्हणालं होतं?"

मीच म्हणाले होते. फोन ठेवून लगेच कामालाही लागले होते.

त्यांची गार्गी सात वर्षांची. तिला सीलिअ‍ॅक नावाचा आजार होता. भिजवलेली कणीक ताणली तरी चटकन तुटत नाही, ती गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे. या आजारात ते प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. अन्न अंगी लागत नाही, पोट फुगतं, मूल वाढत नाही. औषध नाही. गहू, मैदा, रवा, जव कायमचे बंद, एवढाच उपाय. आणि इथे थोडंसं चालतं असं नसतं, चिमूटही नडते.

साळवींच्या घरात गहू येणं बंद झालं होतं. सगळे भाकरी आणि भात खात होते. तरी गार्गीचं वजन हलेना. डॉक्टर म्हणाले, घरात कोणीतरी हिला चोरून गहू देतंय. संशय आजीवर गेला, कारण दिवाळीत नातीच्या हातावर शंकरपाळी ठेवताना त्या एकदा पकडल्या गेल्या होत्या. त्यानंतर दिलं नाही असं त्या शपथेवर सांगत होत्या. मुलगा ऐकायला तयार नव्हता. मायलेकांचं बोलणं बंद झालं होतं.

"शनिवारचं एसटीचं रिझर्वेशन केलंय सासूबाईंनी," मिसेस साळवी म्हणाल्या. "चिपळूणला भावाकडे. परत येणार नाही म्हणतायत. आता घरात बाहेरचं म्हणून एवढंच एक पाकीट येतं. रोज एक. मला फक्त खरं काय ते सांगा."

मी त्यांना संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली आणि त्या गेल्यावर फॉर्म्युल्याची फाइल काढली.

चिप्स मक्याचे, तेल शेंगदाण्याचं. तळून निघाले की ते एका फिरत्या ड्रममध्ये जातात, तिथे वरून मसाला भुरभुरतो. चव सगळी मसाल्यात. चटपट्याच्या यादीत हिंग दिसला आणि मी जागच्या जागी ताठ झाले. बाजारात मिळतो तो हिंग शुद्ध नसतो. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की डिंक आणि मैदा घालूनच विकतात. हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. फोनवर बोलताना आठवलं नाही, एवढंच.

पण गार्गी टोमॅटोचेच खायची आणि टोमॅटोत हिंग नव्हता. टोमॅटो पावडर, कांदा पावडर, मिरची, मीठ, साखर, मक्याचा स्टार्च. गव्हाचं नावसुद्धा नाही. कागदावर आम्ही स्वच्छ होतो.

मग मी कपाटाकडे वळले. टोमॅटो मसाल्याच्या चार बाटल्या अजून फेकायच्या राहिल्या होत्या. आयोडीनचा उपयोग नव्हता, त्याने मक्याचा आणि गव्हाचा स्टार्च सारखाच निळा होतो. पण मायक्रोस्कोपखाली दोघांचे चेहरे वेगळे. मक्याचा कण कोनाकोनांचा, मध्ये बारीक तडा गेलेला. गव्हाचा मोठा कण गोल, चपटा, मसुराच्या डाळीसारखा. तळलेल्या चिप्समध्ये कण फुगून ओळखू येत नाहीत. मसाला मात्र कच्चा असतो.

पहिल्या बाटलीतला चिमूटभर मसाला काचेवर घेतला, पाण्याचा थेंब टाकला. टोमॅटोचे लाल तुकडे. मक्याचे कोन. आणि मध्येच एक मसुराची डाळ. स्लाइड सरकवली. आणखी दोन. मी कॅन्टीनमधून चमचाभर कणीक मागवली आणि तिची स्लाइड शेजारी लावली. अगदी तेच. दोन्ही स्लाइड मी उगाचच पुन्हा पुन्हा पाहिल्या. भीतीने नव्हे, हौसेने. बारा वर्षं पाकिटांची वजनं आणि तेलाचा वास तपासत आलेल्या बाईला असा दिवस मिळत नाही.

दुसऱ्या बाटलीत गहू. तिसरीत गहू. चौथीत नाही. तीनदा स्लाइड बनवली, तरी नाही.

ही चौथी बाटली मला जास्त महत्त्वाची वाटली. गहू फॉर्म्युल्यात असता तर चारही बाटल्यांत निघाला असता. म्हणजे तो वाटेत कुठेतरी शिरत होता, आणि दर वेळी नाही. मसाला आम्ही बाहेरून दळून घ्यायचो, जवळच्या शिरवणे गावातल्या म्हात्र्यांकडून. त्यांची चलनं काढली. तीन वेळा चटपटा आणि टोमॅटो एकाच दिवशी दळून आले होते. चौथ्या वेळी टोमॅटो एकटा आला होता.

मी रिक्षा पकडून शिरवण्याला गेले.

म्हात्रे साठीचे, तिथलेच. एमआयडीसीत जमीन गेल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी पल्वरायझर घेतला होता, म्हणजे मसाला दळायचं मोठं यंत्र. माणूस एकदम सरळ. त्यांच्या मालात विटेची पूड किंवा रंग कधी सापडला नव्हता. चटपट्यानंतर टोमॅटो दळायचा असेल तर यंत्र कसं साफ करता, एवढंच मी विचारलं.

"गहू दळून काढतो ना," ते म्हणाले. "मिरचीचा तिखट, हिंगाचा वास, सगला पुसून नेतो गहू. पाच किलो टाकला का मशीन नवा."

"आणि ते पीठ?"

ते जरा चपापले. चोरी पकडली म्हणून नव्हे, मी असलं काही विचारते म्हणून. "पीठ कसा टाकाचा? अन्न हाय ते. तुमच्याच मसाल्याचा वास लागलेला. तुमच्याच पुढच्या मालात जातो. आमी घरी नाय नेत, मॅडम."

म्हणजे हा त्यांचा प्रामाणिकपणा होता. आमच्या मसाल्याचा कणही घरी जाऊ नये म्हणून तो गव्हासकट आमच्याच पिंपात परत जात होता. वर्षानुवर्षं. मी गार्गीबद्दल सांगितलं. त्यांना ते पटेना.

"गव्हानी पोरगी आजारी पडते? गव्हानी?"

"पडते, काका."

त्यांनी यंत्राचं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "मंग तांदूल काढू का?"

मी म्हटलं, तांदूळ काढा. आणि ते पीठ वेगळं बांधून माझ्याकडे पाठवा.

परत आले तेव्हा चार वाजले होते. फॅक्टरी मॅनेजर वैद्य साहेबांना मी बोलावून मायक्रोस्कोपवर बसवलं. आधी त्यांना काहीच दिसेना, मग स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग गहू दिसला आणि ते माझ्याइतकेच उत्साहाने तिन्ही बाटल्या बघत सुटले. उत्साह चौथ्या मिनिटाला संपला.

"एका मुलीसाठी एवढं टेन्शन? बाकीचे खातायतच की."

मी म्हटलं, बाकीच्यांनी विचारलेलं नाही. हिच्या आईने विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं.

"बरं, फोन करा. लेखी काही द्यायचं नाही. आणि कंपनीचं नाव मध्ये आणू नका."

"साहेब, नाव पाकिटावर आहे."

ते हसले नाहीत, पण अडवलंही नाही. संध्याकाळी साळवींकडे दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही.

त्या महिन्यापासून म्हात्र्यांकडे आमच्या मसाल्यानंतर तांदूळ पडायला लागला. पुढच्या बाटल्यांत मला गहू दिसला नाही. तरीही कोणी विचारलं तर मी "खुशाल द्या" म्हणत नाही. मायक्रोस्कोप गहू आहे हे सांगू शकतो, गहू अजिबात नाही हे सांगू शकत नाही. "मक्याचे" हा शब्द चिप्स कशाचे आहेत ते सांगतो. त्यांच्यावर काय पडलंय, आणि ते पडण्याआधी यंत्रातून काय गेलं, ते पाकिटावर नसतं. ते जाऊन विचारावं लागतं, तेही ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला. गार्गीच्या आईला मी घरीच मक्याच्या पिठाचे चिप्स तळायला सांगितलं, पीठ घरी दळून. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला, वजन पावणेदोन किलोने वाढलं होतं.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी सकाळी साडेसातलाच ऑफिसात पोचले आणि साळवींचा नंबर फिरवला. फोन मिसेस साळवींनी उचलला. सासूबाई आहेत का, मी विचारलं. बॅग भरतायत, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांनाच द्या.

मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं. गहू आमच्या चिप्समध्ये निघाला, तुम्ही काही दिलं नव्हतंत, हेही सांगितलं.  मग आजी अगदी शांतपणे म्हणाल्या, "थांबा जरा. मुलगा दाढी करतोय, त्याला बोलावते. त्याला हे सगळं पहिल्यापासून सांगा. आणि बाई, सावकाश सांगा. मी इथेच उभी आहे."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सावकाश.