डावं पुढचं चाक

"मॅडम, गाडी सोडा! अर्धापुरात केळीचे घड कापून ठेवलेत. उन्हात पडून हायेत!" ट्रान्सपोर्टचे मालक फोनवर ओरडत होते. मी ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाशी हातोडी घेऊन बसले होते.

नांदेडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी मेंटेनन्स सुपरवायझर आहे. गाडी बिघडायच्या आधी तपासायची, हे माझं काम. चाकाचे नट मी हातोडीने वाजवून बघते. घट्ट नट टणकन वाजतो, सैल नटाचा आवाज बसका येतो. दहापैकी एक बसका आला.

ड्रायव्हर शेषेराव मामांनी पाना लावून तो आवळला. "झालं बघा. कालबी ढिला झालता, आवळला की चालतंय."

"काल आवळला आणि आज परत ढिला? चाक खोलू, मामा."

"एका नटासाठी? लई उशीर होऊन राहिला, मॅडम!"

नटाच्या बुडाशी तांबूस भुकटीची रेघ होती. लोखंडावर लोखंड घासलं की ती निघते. मालकांना म्हटलं, "दोन तास द्या."

"केळी खराब झाली तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

फोन ठेवला. जॅक लावला.

चाक उतरलं. डिस्क, म्हणजे बोल्टची भोकं असलेला चाकाचा मधला लोखंडी भाग, मी फडक्याने पुसली. त्या नटाच्या भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसासारखा तडा गेला होता. नख अडकत होतं.

मामांनी स्वतः नख फिरवून पाहिलं. "काल नात केबिनमधी होती," ते हळूच म्हणाले. "देगलूरहून आणली तिला." आणि स्वतःच स्टेपनी काढायला गेले.

स्टेपनी चढवली. दोन बोल्टही चिरले होते, ते बदलले. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळले. दोनाचे अडीच तास झाले. नवं बसवलेलं चाक थोडं चाललं की जागा धरतं आणि नट किंचित सैल होतात, म्हणून मामांना म्हटलं, "माल भरायच्या आधी पुन्हा तपासा."

दुपारी त्यांचा फोन आला. "दोन नट जरासे फिरले, आवळले. आता माल भरून राहिलो."

एक थर केळी काळी पडली. त्याबद्दल मी मालकांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डिस्क उन्हात धरून पाहिली आणि एवढंच विचारलं, "बाकीच्या गाड्या कवा बघता?"

सैल नट आवळायला मिनिट लागतं. तो सैल का झाला, हे कळायला चाकच खोलावं लागतं.