सुटकेचं प्रकरण

माजिवड्याला लिफ्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी मॅन्युअल लिहायला लागले, तेव्हा आधीचं मॅन्युअल म्हणजे एक लांबलचक फाइल होती. प्रकरणांचे आकडे हाताने टाइप केलेले. मध्येच कुणीतरी नवीन प्रकरण घुसवलं होतं. पुढचे आकडे बदलले, पण आतले 'अमुक भाग पाहा' हे उल्लेख जुनेच राहिले.

हे मला कळलं ते टिटवाळ्याहून आलेल्या फोनमुळे. एका नव्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक बाई. आमचा टेक्निशियन छापील प्रत उघडून उभा होता. "मॅडम, माणूस बाहेर काढायला सात-चार बघा लिहिलंय. सात-चारमध्ये तर वायरिंग आहे!"

फाइलमध्ये शोधलं, तर ते आठ-चारमध्ये, म्हणजे आठव्या प्रकरणाच्या चौथ्या भागात निघालं. एकेक पायरी वाचून दाखवली, पलीकडून तो "हां... हां, झालं" म्हणत गेला. शेवटी मागून बाईंचा आवाज आला, "अरे, आधी पाणी द्या रे कुणीतरी!" मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सगळं मॅन्युअल मार्कअपमध्ये घ्यायला बसले. म्हणजे प्रत्येक शीर्षकाला खूण करायची: हे प्रकरण, हा त्यातला भाग, हा उपभाग. आकडा आपण लिहायचाच नाही, तो कॉम्प्युटर घालणार. उल्लेख करायचा तोही त्या भागाला दिलेल्या नावाने. खुणा करता करता लक्षात आलं, की सुटकेची माहिती चक्क देखभालीच्या पोटात दडलेली होती.

छपाईच्या दिवशी निवृत्तीला आलेले आमचे मुख्य इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "सुटकेचं स्वतंत्र प्रकरण करा. आणि ते सर्वांत आधी घ्या."

पूर्वी असतं तर मी रडलेच असते. आता तेवढा मजकूर उचलून वर नेला, भागाची खूण काढून प्रकरणाची केली आणि फाइल पुन्हा तयार केली. सगळे आकडे आणि उल्लेख आपोआप बदलले.

साहेबांचा विश्वास बसेना. प्रिंट काढून ते एकेका उल्लेखावर बोट ठेवत, पानं उलटत राहिले. मी समोर उभी. मग त्यांनी चष्मा काढला. "सगळे बरोबर आहेत हो. पाठवून द्या."

डोंबिवलीला घरी पोचले तर आई म्हणाली, "आज चेहरा बरा दिसतोय गं तुझा."

"भूक लागलीये, आधी वाढ," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.