उंदराला भिणारे आजोबा

उभ्या बडोद्यात माझ्या आजोबांइतका कष्टाळू माणूस नव्हता आणि त्यांच्याइतका उंदराला भिणाराही नव्हता. पहिल्या गोष्टीबद्दल आमचा नागरवाडा त्यांना मान देई आणि दुसरीबद्दल पोट धरून हसे. आजोबा पगडबंद होते. सरकारी कचेऱ्यांतले निम्मे कारकून त्यांनी बांधलेल्या पगड्या घालून महाराजांची चाकरी करत. पहाटे उठून ते कापड भिजवत आणि उजाडेपर्यंत गुडघ्यावर पहिली पगडी चढलेली असे. बांधताना कापडाचे टोक दातांत धरलेले, त्यामुळे दुपारपर्यंत तोंडातून शब्द नाही. म्हातारा गप्प आहे त्याअर्थी धंदा बरा चाललाय, असे शेजारी समजत. माणसे ते चेहऱ्यावरून ओळखतच नसत, डोक्यावरून ओळखत. एकदा एक मोठे अंमलदार बोडक्यानेच दारात आले. आजोबांनी त्यांना पायरीवर उभे करून कोण पाहिजे म्हणून विचारले आणि नाव सांगितल्यावरही, कानामागचा उंचवटा बोटांनी चाचपून खात्री होईपर्यंत, आत काही घेतले नाही.

दिवाळी सरली की मात्र हा भला माणूस पार बदलून जाई. स्वयंपाकघरात साधी चिचुंद्री दिसली तरी हातातली पगडी टाकून ते मला उचलत, दुसऱ्या काखेत वळकटी मारत आणि थेट गावाबाहेरच्या हरणीची वाट धरत. तिथे एका पटेलाच्या शेताच्या बांधावर त्यांनी ताट्यांची झोपडी घातली होती. होळीपर्यंत आमचा मुक्काम तिथे. रोज सकाळी कोसभर चालत मला शाळेत पोचवायचे, दिवसभर नागरवाड्याच्या त्याच घरात त्याच उंदरांच्या सहवासात खुशाल काम करायचे आणि दिवस मावळायच्या आत मला घेऊन परत हरणीला. पगड्या वाळल्या नसतील तर त्या एकीवर एक डोक्यावर चढवून निघायचे. चार पगड्या घातलेला तो उंच म्हातारा पाहून टांग्यांचे घोडेसुद्धा बिचकत. पटेल बांधावर उभा राहून हसत म्हणे, "आवी गया, दादा? आ वरसे तो एके उंदर मर्यो नथी." यंदा एकही उंदीर मेलेला नाही, हे ऐकून आजोबा शांतपणे म्हणत, "मरेल." एवढे आश्वासन घेऊन आम्ही झोपडीत शिरत असू. पुढे मला स्थळे येऊ लागली, तेव्हा मुलाकडच्यांना आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला: घरात उंदीर पडला तर तुम्ही किती वेळात घर सोडाल? पाहुणे एकमेकांकडे बघत, पोहे संपवत आणि पुन्हा कधी येत नसत.

बारा वर्षांची होईपर्यंत मीही या सगळ्याला हसत असे. त्या वर्षी आत्या माहेरपणाला आली होती. माझी वेणी घालता घालता तिने मला सगळे सांगितले. प्लेगच्या साली मी पाच वर्षांची होते. पटापट उंदीर पडू लागले तशी आमची गल्ली ओस पडली; लोक हरणीकडे, बाजव्याकडे रानात झोपड्या घालून राहू लागले. माझ्या आईनेही सामान बांधून बैलगाडी दारात आणून उभी केली. पण गावात रोज माणसे मरत होती, आणि तेराव्याला मुलाच्या डोक्यावर पागोटे चढल्याशिवाय त्या घराचा दुखवटा उतरत नाही अशी आमच्यात रीत. दुसरे पगडबंद केव्हाच पळाले होते. आजोबांपुढे पांढऱ्या कापडाचा ढीग पडला होता. ते म्हणाले, "लोकांची पोरं तेराव्याला बोडकी कशी बसवू? आठ दिवस थांबा." सासऱ्यांना उलटून बोलायची आईची छाती झाली नाही आणि गाडी रिकामी परत गेली. सहाव्या दिवशी बाबांना गाठ आली, नवव्या दिवशी आईला. कबूल केलेली सगळी पागोटी मात्र ज्याच्या त्याच्या घरी वेळेवर पोचली होती, असे आत्या म्हणाली.

तेव्हापासून मी आजोबांना हसले नाही, पण मनातून धुमसत राहिले. सून गाडी घेऊन दारात उभी आहे, पदराशी पाच वर्षांचे पोर आहे, आणि माणूस आठ दिवस थांबा म्हणतो कसा, हे मला काही केल्या कळेना. मी कधी विचारले नाही, त्यांनी कधी सांगितले नाही. आत्याने सांगितल्याचे त्यांना कळले असावे, कारण त्यानंतर जेवताना ते अधूनमधून घास हातात धरून माझ्याकडे बघत बसत. मी विचारेन म्हणून ते थांबले आहेत हे मला दिसे आणि मी मुद्दाम भात कालवत राही. दुष्टपणाच होता तो. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तरी ते नुसत्या बोटांच्या अंदाजाने पगड्या बांधत राहिले, कारण मला मास्तरीण व्हायचे होते. बोहल्यावर चढण्याआधी मी फळ्यापुढे उभी राहणार हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला, कापडाचे टोक दातांतून काढून, सांगत.

मी मास्तरीण झाले. दुसऱ्याच वर्षी दिवाळीनंतर माळ्यावर काहीतरी खुडबुडले. आजोबांना आता धड उभेही राहवत नव्हते, तरी त्यांनी वळकटी बांधली आणि उंबऱ्याशी येऊन बसले. माझी शाळेत जायची वेळ झालेली. त्याच आठवड्यात शाळेच्या तपासणीला दिपोटीसाहेब यायचे होते आणि माझ्या निम्म्या मुलींना पाढे येत नव्हते. मी म्हटले, "आजोबा, पोरींना ऐन वेळी कसं सोडू? आठ दिवस थांबा."

त्यांनी वळकटी हळूच बाजूला सारली. रागावले नाहीत. म्हणाले, "खरंय पोरी. मीही तेव्हा आठच दिवस म्हटलं होतं."

इतक्या वर्षांनी ते बोलले होते. मी तिथेच बसायला हवे होते. पण उशीर होत होता, म्हणून संध्याकाळी बोलू असे म्हणून मी निघाले. संध्याकाळी मुलींच्या वह्या तपासायच्या होत्या. दुसऱ्या दिवशीही होत्या. आजोबा भिंतीला टेकून माझ्याकडे तोंड करून बसत.

चौथ्या दिवशी तपासणी झाली. दिपोटींनी माझ्या वर्गाला चांगला शेरा दिला. तो आजोबांना सांगावा म्हणून मी घाईने घरी आले, तर शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. गाठ नाही, ताप नाही. वय झाले होते, असे वैद्य म्हणाले. त्यांना हरणीला नेले असते तरी ते गेलेच असते, हे मलाही समजते. पण जे मला बारा वर्षांची असल्यापासून कळत नव्हते ते आता कळले होते. आठ दिवस थांबा म्हणणे फार सोपे असते, आणि म्हणताना आपले काही चुकते आहे असे मुळीच वाटत नाही. एवढेच मला त्यांना सांगायचे होते. त्याला एक संध्याकाळ पुरली असती.