शोभनाताईंची पहाटेची झोप

सांगलीचं घर बंद करताना शोभनाताईंनी किल्ली शेजारणीकडे दिली, तुळसही तिच्याच हवाली केली. पुरुषोत्तमरावांचा फोटो मात्र स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. सुटकेसवर त्यांचा भरवसा नव्हता. पुरुषोत्तमरावांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगा वरुण डब्लिनजवळ डून लेरीत राहायचा, तिथल्या डार्ट या लोकल गाडीने रोज ऑफिसला जायचा. आईने आता एकटं राहायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि तिनेही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

सांगलीत असताना पुरुषोत्तमराव अधूनमधून त्यांच्या स्वप्नात यायचे. कधी स्कूटर पुसत असायचे, कधी नुसतेच पेपर वाचत बसलेले. बोलायचे नाहीत, पण दिसायचे, आणि शोभनाताईंना तेवढं पुरायचं. आयर्लंडला आल्यापासून मात्र एकदाही नाही. आधी त्यांनी मनाची समजूत घातली. मग एक विचार डोक्यात शिरला तो निघेचना: यांना इथला पत्ताच सापडत नसणार.

विचार वेडगळ आहे हे त्यांना कळत होतं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई होती ती. पण पुरुषोत्तमरावांना ओळखणाऱ्या कुणालाही तो पटला असता. या माणसाने आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. शेजारच्या मिरजेतल्या एका लग्नाला हे जोडपं शेवटची पंगत उठल्यावर पोचलं होतं, आणि तरी हे वर म्हणाले होते, आलो की नाही बरोबर? असा माणूस डून लेरीला काय पोचणार.

शेवटी एका रविवारी जेवताना त्यांनी वरुणला परतीचं तिकीट काढायला सांगितलं. आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर निजलं की हे येतील, एवढाच हिशोब. कारण मात्र सांगितलं की इथली हवा मानवत नाही. आयर्लंडच्या हवेवर खापर फोडणं सोपं, तिची बाजू घ्यायला कुणी उठत नाही. वरुणचा चेहरा पडला, पण तो बरं म्हणाला.

सून अश्लेषाला काही ते पटलं नाही. ती एका हॉस्पिटलच्या झोपेच्या विभागात होती. लोकांच्या डोक्याला वायरी लावून त्यांची झोप तपासायची, हे तिचं काम. त्या संध्याकाळी ती सासूला पिअरवर घेऊन गेली. पिअर म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला दगडी धक्का. साडीवर वरुणचं जाडजूड जॅकेट चढवून शोभनाताई तिच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत चालल्या, बाकावर बसल्या, आणि खरं काय ते सांगून रडल्या.

अश्लेषा हसली नाही. तिने विचारलं, "आई, तुम्ही उठता किती वाजता?"

चार वाजता. सांगलीची धाकटी बहीण सुचित्रा पूजा आटपून साडेआठला फोन करायची, तेव्हा इथे पहाटेचे चार झालेले असायचे. शोभनाताई गजर लावून उठत, पांघरुणात कुजबुजत बोलत, आणि एकदा उठल्यावर पुन्हा आडवं व्हायचं नाही हा माहेरचा नेम पाळत. बहिणीला वेळ बदल म्हणायची त्यांना भीड वाटे.

मग अश्लेषाने समजावलं. झोप रात्रभर एकसारखी नसते. सुरुवातीला गाढ झोप जास्त असते. जिच्यात स्वप्नं रंगतात, पापण्यांखाली डोळे भिरभिरतात, ती झोप रात्रीतून थोडी थोडी येते, पण तिचा मोठा वाटा रात्र सरत आल्यावर. शोभनाताई नेमका तेवढाच तुकडा कापून टाकत होत्या. स्वप्नं मुळात का पडतात, हे अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही. झोपेत मेंदू नव्या गोष्टी जुन्या आठवणींना जोडून ठेवतो, असं काहींचं मत आहे.

"पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण जास्त पडतात ती पहाटेच. बाबा येतीलच असं मी म्हणणार नाही. पण आई, दार तरी उघडं ठेवा."

सुचित्राला सांगितलं तर ती म्हणाली, आधी नाही का बोलायचंस, मलाच त्या वेळी घाई होते. अश्लेषाने खोलीला जाड पडदे लावले. तरी सवयीने चारला जाग यायचीच, आणि शोभनाताई छताकडे बघत चरफडत पडून राहायच्या. हळूहळू डोळा लागू लागला, स्वप्नंही पडू लागली: शाळेची परीक्षा, एक बोट, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. पुरुषोत्तमराव काही आले नाहीत. इकडे वरुणने तिकिटाच्या तारखा काढून ठेवल्या होत्या.

मग एका सकाळी शोभनाताई उशिरा खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवरच बसल्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. हे आले होते. पिअरवर, त्याच बाकापाशी, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये कुडकुडत उभे होते. आणि या वेळी बोलले.

"मी म्हटलं, कसे आलात एवढ्या लांब? तर म्हणाले, विचारत विचारत आलो."

वरुणच्या हातातली किटली तशीच राहिली. "बाबांनी रस्ता विचारला?"

पिअर नवा, बाबा जुने, आणि मेंदूने दोघांची गाठ घातली, हे अश्लेषाला ठाऊक होतं. तरी तिचेही डोळे भरून आले होते.

थोड्या वेळाने वरुणने भीतभीत तिकिटाचं काय करायचं ते विचारलं. शोभनाताईंनी पदराने डोळे पुसले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "यांना आत्ता कुठे रस्ता कळलाय."