उभ्या ओळी

कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं की ते हातातला कागद, कागद नसला तर कॉफीबरोबर आलेला रुमाल, पाव वळसा फिरवत आणि विचारत, "आणि उभ्या ओळी?"

ते भूमितीचे निवृत्त शिक्षक. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या वाचनालयात दर बुधवारी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना डच बोलायला शिकवत. "मला नावानं हाक मार," असं त्यांनी तीनदा सांगितलं. ऐंशीच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी इथल्या रीतीनं 'मेनेर', म्हणजे साहेब, म्हणत राहिले.

"मग मी तुला महाराणी म्हणणार," ते म्हणाले, आणि तेही म्हणतच राहिले.

दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ बायकोला घेऊन अमेरिकेत, आयोवाला, शेती करायला गेला. त्या दोघांनी धाकट्या भावाला पाठवलेली पत्रं मेनेरांकडे बिस्किटांच्या डब्यात होती. टपाल महाग, म्हणून एकाच कागदावर नवरा आडव्या ओळी लिही; मग बायको कागद फिरवून त्याच अक्षरांवरून उभं लिही. लांबून पाहिलं तर विणलेली चटई.

मेनेर आणि त्यांची बायको ही पत्रं मिळून उतरवून काढत. आडवं त्यांनी वाचायचं, उभं तिनं. ती गेली आणि उभं तसंच राहिलं.

"तू प्रयत्न कर, महाराणी. तुझं डच वाईट आहे, पण तुला घाई नाही."

घाई मला खरंच नव्हती. नवरा जाऊन सात महिने झाले होते. नाशिकहून आई रोज फोनवर विचारी, "बरी आहेस ना गं?" मी रोज "हो" म्हणे.

मेनेरांच्या घरी, भिंगाखाली ती शेतकरीण हळूहळू बोलू लागली. नवरा लिही, 'गाय उत्तम आहे.' उभ्या ओळीत: 'गाय मार्चमध्येच मेली. त्याला लिहवत नाही.' नवरा: 'घर उबदार आहे.' बायको: 'सकाळी पांघरुणावर बर्फाची भुकटी असते. पण काल आम्ही दोघं पोट धरून हसलो.'

"काय खोटारडा माणूस!" मी म्हणाले.

"खोटारडा कसा? ती खरं लिहिणार, हे त्याला ठाऊक होतं. पाकिटावरचा पत्ता बघ. त्याच्याच अक्षरात आहे."

त्या हिवाळ्यात मेनेर स्वयंपाकघरात दोनदा पडले. युट्रेख्टला राहणाऱ्या मुलीला मात्र फोनवर "सगळं ठीक". पूर्वी बायको फोन ओढून घ्यायची: "ऐकू नकोस याचं, गुडघा भोपळ्याएवढा झालाय!"

"मेनेर, उभ्या ओळी?" मी विचारलं.

"ती जागा रिकामी आहे," ते म्हणाले.

शेवटचं पत्र ते टाळत होते. तिकडे बायको वारल्यानंतरचं होतं ते. तरीही त्यावर उभ्या ओळी होत्या. मी वाचायला घेतलं. अक्षर नवऱ्याचंच. आडवं: 'पीक बरं आलं.' उभं: 'घर फार शांत झालंय. आता हेही मलाच लिहायला हवं. जमलं तर ये.'

"गेलं का कुणी?"

"पणजोबा एक अख्खा हिवाळा तिकडे राहून आले होते," ते सावकाश म्हणाले. "का, ते आम्हाला कधी कळलं नाही."

मग ते उठले, जिन्याशी जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला. "बाळा, मी पडलो. हो, दोनदा."

घरी येऊन मीही आईला म्हणाले, "आई, नाही गं. बरी नाहीये मी."

आई म्हणाली, "मग येऊ? पासपोर्ट कधीचा काढून ठेवलाय."

मेनेर मुलीजवळ राहायला गेले. युट्रेख्टहून त्यांचं एकच कार्ड आलं. आडवं: 'सुपात मीठ नसतं. वरचा मुलगा ट्रम्पेट शिकतोय. गुडघा तसाच.' उभं: 'फार मजेत आहे, महाराणी.'

या वसंतात ते गेले. काळ्या कडेचं शोकपत्र आलं, ते मी कपाटात ठेवलं. कार्ड आईनं फ्रिजवर लावलंय. तिला डचमधलं अक्षरही कळत नाही. पण दूध काढताना ती मान वाकडी करते आणि उभ्या ओळी बघते.