दारामागची खुंटी

समजा, मोडलेलं बोट तुमच्या हातात आहे. मधल्या सांध्यात हाडाचा टवका उडालाय. बोट वाकवलं की सांधा जागेवर बसतो, सरळ करायला गेलं की निसटतो. तुमच्याकडे एकच बारीक तार. कुठे घालाल?

टवक्यातून, असंच कात्रीताईंना वाटलं होतं. बोट त्यांचंच: उजवी अनामिका, कात्रीच्या कडीत जाणारी. ताई आणि त्यांची नणंद मिळून सलून चालवतात, म्हणून हे नाव. सुट्टीच्या दिवशी गल्लीत झेल घेताना चेंडू बरोबर बोटाच्या टोकावर बसला. ‘मुरगळलंय’ म्हणत ताईंनी रेटून नेलं. एक्स-रे निघाल्यावर मात्र कडीत बोट वाकेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी खात्री दिली नाही.

ऑपरेशनला फक्त बोट बधिर केलं होतं. एक्स-रेच्या पडद्यावर स्वतःची हाडं हलताना दिसली आणि ताईंची भीती कुठल्या कुठे पळाली. डॉक्टरांनी बोट वाकवलं, सांधा बसला. पण तार टवक्याकडे फिरकलीच नाही! ती शिरली सांध्याअलीकडच्या न मोडलेल्या हाडाच्या शेंड्यात, तिरकी, आणि तिचं टोक बाहेर राहिलं. आता बोट हवं तेवढं वाकेल, सरळ होताना मात्र सांधा निसटण्याआधीच तारेला अडेल.

“दार भिंतीवर आपटू नये म्हणून मागे खुंटी ठोकतात, तसं हे!” ताई पडल्यापडल्याच म्हणाल्या.

“अगदी तसंच,” डॉक्टर हसले. “पण दार रोज हलवायचं. नाहीतर गंजेल.”

घरी आल्यावर ताईंना काही धीर होईना. तार हलली तर? हात उशीवर ठेवून त्या मूर्तीसारख्या बसून राहिल्या. शेवटी नणंदच वैतागली.

“वहिनी, खुंटी दाराला ठोकलीय, तुला नाही. वाकव.”

ताईंनी दात-ओठ खात वाकवलं. आधी जेमतेम, मग रोज थोडं जास्त.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी तार काढल्यावर नणंद स्वतःच खुर्चीत बसली. केस बिघडले तर तुलाच रोज बघायचेत, म्हणाली. अनामिका कडीत गेली, वाकली, आणि कच्! ताई इतक्या हसल्या की दुसरा काप घ्यायला थांबावं लागलं.

बोट अजून पुरतं सरळ होत नाही. सरळ बोटाने तूप निघतं का कधी, असं नणंद म्हणते. ताईंना त्याचं काही नाही. त्यांना वेगळंच कोडं पडलंय, आणि गिऱ्हाइकाची मान पुढे वाकवून त्या ते प्रत्येकाला विचारतात: हाड जुळायला टवक्याने जागा सोडायची नाही, सांधा मोकळा राहायला मात्र हलत राहायचं; मग एवढ्याशा बोटात दोघांचं एकाच वेळी जमतं तरी कसं?