नायिकेचा डबा

माझा बाप दाभोळला होड्यांच्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवायचा. काम असलं तर भात, नसलं तर पेज. मला कॉलेजात ठेवायचं म्हणून दोघा भावांनी चौथीनंतर शाळा सोडली. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला. कचेऱ्यांनी अर्ज परत पाठवले. नोकरी दिली ती रत्नागिरीत मुक्काम टाकलेल्या एका नाटक कंपनीने. काम रंग कालवायचं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

तोंडाला पहिला थर द्यायचा त्याला आम्ही अस्तर म्हणायचो. आजच्या मुली फाउंडेशन म्हणतात. जस्ताची पांढरी भुकटी, पिवडी म्हणजे पिवळी माती, चिमूटभर गेरू, कालवायला खोबरेल. कंपनीत अस्तराचे चार डबे होते. त्यांवर चिठ्ठ्या: राजा, नायिका, दासी, राक्षस. माणसाची कातडी कशीही असो, भूमिका बघून डबा उघडायचा. हा मूर्खपणा आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. नवा होतो, गप्प बसलो. ती चूक माझी.

नायिकेचं काम दहा वर्षं एक पुरुष करत होता. तो दुसऱ्या कंपनीत गेला. बायका रंगमंचावर येऊ लागल्या होत्या, म्हणून मालकांनी शेवंताला घेतलं. तिचा गळा असा की पेटीवाला वाजवायचं विसरायचा. रंगाने ती काळी, माझ्या बहिणीसारखी. घरच्यांनी निघताना सांगितलं होतं, नाटकात चाललीस, आता परत दारात उभी राहू नको.

शुक्रवारी तिचा पहिला खेळ. मी हुकमाप्रमाणे नायिकेचा डबा उघडला. गॅसबत्तीखाली तिचा चेहरा राखेसारखा दिसला आणि त्याखाली मान तिच्या मूळ रंगाची. पिटातल्या स्वस्त बाकांवरून एकजण ओरडला, "काय गो, पिठात पडलीस काय?" थिएटर हसलं. दुसऱ्या पदात तिचा सूर फुटला.

शनिवारी सकाळी मालक तात्यासाहेब रंगपटात आले.

"बी.एस्सी., अजून दोन हात पांढरा चढव. मानेला, दंडाला, सगळीकडे."

"पांढरा जास्त झाला म्हणून तर हसले, तात्यासाहेब."

"मग काय, दासीचा डबा लावू? लोक विचारतील, नायिका कुठाय?"

"डबाच नको. तिच्यावर बघून नवा कालवतो."

"हा रंग आमच्या नायिकेवर बघूनच कालवलाय. दहा वर्षं चालला!"

"ती नायिका पुरुष होता, तात्यासाहेब."

पेटीवाला खोकत बाहेर गेला. मालकांचं तोंड लाल झालं.

"कॉलेजात गेलास म्हणून मला शिकवतोस? होड्या लिंपणाऱ्याचा पोर तू! तुला काय रंगाची पारख?"

"त्याचाच पोर. म्हणून फट कुठे आहे ते दिसतं."

"उद्या दुपारचा खेळ आहे. पुन्हा हसले तर पोरगी परत जाईल. आणि तूही."

तिला परत जायला दार नव्हतं हे त्या माणसाला ठाऊक होतं. तरी तो जेवणाचा बेत सांगावा तसं बोलून गेला.

शेवंता कोपऱ्यात उभी होती. "दादा, गाठोडं बांधू काय?"

"बस गो इथे."

बाकी सगळेजण रंग मनगटावर लावून बघायचे. मनगट उन्हात भाजलेलं असतं, त्याचा चेहऱ्याशी मेळ नसतो. मी तिच्या जबड्याच्या कडेला, चेहरा संपून मान सुरू होते तिथे, तीन रेघा ओढल्या. पहिलीत पांढरा जास्त, दुसरीत पिवडी जास्त, तिसरीत गेरू आणि काजळाचा एक ठिपका. वाळू दिल्या. ओला रंग फसवतो. मग भर दुपारी खिडक्या बंद केल्या आणि स्टेजवरची गॅसबत्ती आणून पेटवली. ज्या उजेडात लोक बघणार, त्याच उजेडात रंग बघायचा.

तिने आरसा घेतला. "दोनच रेघा हायत, दादा. तिसरी पुसलीत काय?"

"नाय. तीच तुझी."

तिने आरसा बत्तीजवळ नेला. "मग लावायचा कशाला? मी तर हीच दिसतंय."

"बत्तीखाली चेहरा सपाट होतो, घाम चकाकतो. अस्तर त्यासाठी. तुला दुसरी बाई करायला नाय."

रविवारी मालक विंगेत हाताची घडी घालून उभे होते. पडदा वर गेला. पिटातून कोणी काही बोललं नाही. चेहऱ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, आणि मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या पदाला वन्स मोअर आला. मग पुन्हा आला.

खेळ संपल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "आज बत्त्या बऱ्या लागल्या."

मी डबे पुसायला घेतले. उत्तर दिलं असतं तर छापण्याजोगं नसतं.

रंग जबड्यावर बघावा, वाळल्यावर बघावा, आणि मालकाला विचारून बघू नये. एवढंच मी त्या नोकरीत शिकलो.

शेवंता त्या कंपनीत पुढे सहा वर्षं नायिका होती.